‘मॅडम, माझा ‘एस’ येत नाही’

नोव्हेंबर उजाडला की नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या माझ्या खोलीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. बी.फार्म.चं पाचवं सेमिस्टर, फार्माकॉलॉजीचं प्रॅक्टिकल तोंडावर, आणि समोरचं पोर म्हणतं, ‘थिअरी येते हो, पण डोस-रिस्पॉन्सचा ग्राफ आला की हात थिजतो.’ मागोमाग ठरलेली पुरवणी: ‘बारावीला गणित सोडलं होतं. माझं डोकंच नाही त्यात. फार्मसी सोडू का?’

औषधाचा डोस वाढवला की परिणाम किती वाढतो हे दाखवणाऱ्या ‘एस’ आकाराच्या ग्राफपासून थेट आयुष्यापर्यंत उडी! मी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या वाटेनं चालणारी, त्यामुळे काय घडलं यापेक्षा माणसानं त्याचा काय अर्थ लावला हे आधी तपासते. शिवाय समुपदेशनात येण्याआधी मी फार्मसीच केलेली आहे. काजळी धरलेल्या ड्रमवर बेडकाच्या स्नायूनं काढलेल्या रेघा पट्टीनं मोजल्यात. म्हणून असली मुलं फिरून फिरून माझ्याकडेच येतात.

त्यातल्या एकीचं सांगते. निफाडकडच्या द्राक्षबागायतदाराची मुलगी. ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही, आणि बऱ्याच भेटी इथे दोन-तीन प्रसंगांत आटवल्या आहेत.

पहिल्याच भेटीत तिनं जर्नल पुढे सरकवलं. सेमीलॉग कागदावर (एका अक्षाची मापं लॉगनं आखलेल्या) इंग्रजी ‘एस’सारखी वळणदार रेघ, एकही ठिपका रेघेबाहेर नाही.

‘छान आलाय की.’

‘तो माझा नाहीये, मॅडम.’

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. त्यांच्याकडे कोंबडीच्या आतड्याच्या तुकड्यावर प्रयोग करतात. तुकडा जिवंत ठेवणारं टायरोड द्रावण, 37 अंश तापमान, आतडं आकुंचित करणाऱ्या अ‍ॅसिटिलकोलीनचे 0.1 मिलीपासून दुप्पट दुप्पट करत 3.2 मिलीपर्यंत डोस. हिच्या तुकड्यानं आकुंचनाच्या उंच्या दिल्या त्या अशा: 6, 14, 27, 22, 50, 50 मिलिमीटर. चौथा आकडा घसरलेला. हिनं तो खोडून 41 लिहिला, कारण पुस्तकातल्या ‘एस’मध्ये 22 बसत नव्हता. ‘सगळेच असं करतात’ म्हणाली आणि रडायला लागली.

रडू ओसरेपर्यंत मी गप्प बसले. मला त्या दिवशी जे दिसलं ते पुढे बऱ्याच मुलांच्या बाबतीत उपयोगी पडलं. हिची अडचण गणिताची नव्हतीच. हिनं स्वतःचा ग्राफ कधी पाहिलाच नव्हता. आधी रेघ ठरायची, मग तिच्यासाठी आकडे जमवायचे. असा ग्राफ व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) समजावून सांगायचा तर हात थिजणारच.

तिसऱ्या भेटीला ती थकून आली. शनिवार-रविवार घरी डिपिंग चाललं होतं, म्हणजे मणी फुगवणाऱ्या जीएच्या (जिबरेलिक अ‍ॅसिडच्या) पाण्यात एकेक घड बुडवायचा.

‘पप्पा किती पीपीएम वापरतात?’

‘डिपिंगला चाळीस.’

‘ऐंशी केलं तर मणी दुप्पट फुगेल?’

ती हसली. त्या महिन्यात पहिल्यांदा. ‘नाही हो मॅडम! आमच्या शेजाऱ्यांनी केलं होतं एकदा. मणी काही फार वाढला नाही, देठ तेवढे जाड झाले.’

‘आणि दहा-पंधरावर?’

‘तिथे फरक दिसतो. जरा वाढवलं तरी दिसतो.’

मी कोरा कागद आणि पेन्सिल सरकवली. ‘काढ.’

मोजपट्टी न मागता तिनं आडवी रेघ मारली, उभी मारली, आणि आधी भराभर चढून मग सपाट होत जाणारी रेघ काढली. काढून झाल्यावर स्वतःच थबकली. ‘पण हा ‘एस’ नाहीये.’

‘नसू दे. तुझा आहे.’

हा क्षण मी अजून जपून ठेवलाय, खोटं कशाला बोलू.

त्याच कागदाखाली आम्ही तिचे खरे आकडे साध्या ग्राफवर मांडले. पहिले चार ठिपके डाव्या कोपऱ्यात खेटून बसले, 1.6 आणि 3.2 पार लांब गेले. ‘यात सुरुवातीचं काही वाचताच येत नाही,’ तीच म्हणाली. लॉग, म्हणजे दहाचा घात, याचसाठी. 0.1 चा लॉग उणे 1, 0.2 चा उणे 0.7, 0.4 चा उणे 0.4. डोस दुप्पट झाला की दरवेळी फक्त 0.3 ची भर, म्हणून गर्दी मोडते, ठिपके सारख्या अंतरावर येतात आणि मधला चढ सरळ दिसतो. पुस्तकातला ‘एस’ मोजपट्टी बदलल्यामुळे आलाय, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. इथे मुलं एक हमखास घोळ घालतात: लॉग काढायचा आणि तो परत सेमीलॉग कागदावर मांडायचा. सेमीलॉगवर डोस तसाच मांडायचा असतो. लॉगचं काम कागदानंच केलेलं असतं.

मग सगळ्यात मोठी उंची, 50 मिलिमीटर, म्हणजे शंभर टक्के धरली. पन्नास टक्क्यांवरून आडवी रेघ वक्राला भिडवून खाली सोडली, तर ती साधारण 0.36 मिलीवर उतरली. तेच ईसी-फिफ्टी, म्हणजे निम्मा परिणाम देणारा डोस.

पुढचं झटपट झालं. कुठलाही वक्र समोर आला की मी मुलांना दोनच गोष्टी बघायला सांगते: डावी-उजवीकडे कुठे आहे, आणि किती उंच जातो. लघवी वाढवणारी औषधं घ्या: बुमेटॅनाइडच्या 1 मिलिग्रॅमला फ्युरोसेमाइडचे साधारण 40 मिलिग्रॅम लागतात, पण उंची दोघांची सारखीच. हा पोटन्सीचा, म्हणजे किती कमी डोसात काम होतं याचा, फरक. हायड्रोक्लोरोथायझाइड कितीही वाढवा, त्या उंचीला पोचत नाही, ही एफिकसी, म्हणजे परिणामाची कमाल उंची. अ‍ॅसिटिलकोलीनला अडवणारं अ‍ॅट्रोपीन घातलं की अ‍ॅसिटिलकोलीनचा वक्र उजवीकडे सरकतो, पण डोस वाढवत नेला की उंची पुन्हा गाठतो.

आईवडिलांना एवढंच सांगेन की ‘हिचं गणित पहिल्यापासून कच्चं’ हे वाक्य घरात पाहुण्यांसमोर बोलू नका. मुलं ते शब्दशः माझ्याकडे घेऊन येतात.

राहिला तो 22. ‘त्याचं काय करू?’ तिनं विचारलं. मी उलट विचारलं, ‘त्या वेळी काय झालं होतं?’ बराच वेळ आठवून म्हणाली, ‘लाइट जाऊन आले होते. घाईत एकदाच धुतलं आणि पाच मिनिटं न थांबता पुढचा डोस दिला.’ म्हणजे तुकड्याला सावरायला वेळच मिळाला नव्हता.

नवीन ग्राफमध्ये तिनं तो ठिपका रेघेच्या खाली तसाच ठेवला आणि शेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं, ‘धुणं अपुरं’. प्रॅक्टिकलच्या संध्याकाळी तिचा फोन आला. मागे सीबीएस बसस्थानकावरच्या बसगाड्यांचे हॉर्न.

‘मॅडम, एक्सटर्नल परीक्षकांनी त्याच ठिपक्यावर बोट ठेवलं.’

‘मग?’

‘मग काय, दहा मिनिटं मीच बोलत होते.’