वारं गेलेल्या हाताचा खांदा आधी सांभाळा

प्रश्न: डॉक्टर, आम्ही निपाणीचे. आमच्या आत्तींना म्हणजे सासूबाईंना चार महिन्यामागं उजव्या अंगावरनं वारं गेलं. पाय बऱ्यापैकी सुधारलाय, काठी धरून परसात जातात, पण हात उठत नाही आणि खांदा इतका दुखतो की रात्री कूस बदलली की ओरडून उठतात. शेजारच्यांनी सांगितलं म्हणून चौकटीला कप्पी बांधून डाव्या हातानं उजवा हात वर ओढत्यात, मालिशवालाही येऊन हात ताणून तेल लावतो. जन्मभर विड्या वळल्या, आता हात गेला म्हणून रडतात. मनगट न् बोटं थोडी हलतात. काय करावं?

उत्तर: ताई, ती कप्पी आजच काढून टाका आणि मालिशवाल्याला हात ताणायचा नाही म्हणून स्पष्ट सांगा, हलक्या हातानं तेल लावलं तर हरकत नाही. खांद्याची खोबण उथळ असते, हाडाचा गोळा तिथं धरून ठेवायचं काम मुख्यतः आजूबाजूचे स्नायू करतात, आणि वारं गेलं की तेच ढिले पडतात मग हाताच्या वजनानं गोळा खाली सरकतो. आत्तींना बसवा, हात लोंबता ठेवा आणि खांद्याच्या टोकाच्या हाडाखाली बोट टेकवून बघा, डाव्या बाजूला नाही असा खळगा उजवीकडं लागला तर सांधा उतरलाय. अशात कप्पीनं ओढलं की हात वर जातो पण पाठीचा फरा, म्हणजे खांद्यामागचं चपटं हाड, सोबत फिरत नाही आणि मधलं मांस चेंगरतं. 1990 च्या एका छोट्या अभ्यासात 28 पेशंट होते, त्यात कप्पी वापरणाऱ्यांपैकी 62 टक्के लोकांचा खांदा दुखायला लागला, थेरपिस्टनं हात हलवून दिलेल्यांत फक्त 8 टक्के.

बसल्यावर हात मांडीवर उशी घेऊन त्यावर, झोपताना पण उशीवर, उठवताना काखेत हात घालून कुणीच ओढायचं नाही, हे घरातल्या पोरांनापण सांगा. हात गळ्यात अडकवायची झोळी चालताना वापरा, दिवसभर नको, हात आखडतो. पंजा सुजून लाल, गरम झाला, नुसतं शिवलं तरी कळ येत असेल तर थांबू नका, लगेच दाखवा. दुखणं कमी होत नसेल तर खांद्यातलं इंजेक्शन किंवा खांद्याच्या स्नायूंना करंट देणं याबद्दल डॉक्टरांना विचारा.

दुखणं आटोक्यात आलं की हाताला काम द्या. मनगट आणि बोटं स्वतःहून थोडी वर उचलता येत असतील तर एक उपचार आहे, चांगल्या हातात जाड मोजा घालून जागेपणी बहुतेक वेळ तो बंद ठेवायचा आणि अधू हाताकडनंच कामं करून घ्यायची. 2006 ला अमेरिकेतल्या 222 पेशंटवरच्या अभ्यासात दोन आठवडे असं केलं आणि वर्षभरानंतरही त्यांचा हात इतरांपेक्षा बरा चालत होता. पण तोल जाऊन पडायची भीती असती, फिजिओच्या देखरेखीखालीच करा. आणि आत्तींचा हात विडीच्या पानाला ओळखतो, तेव्हा मांडीवर सूप द्या, भिजवलेली पानं द्या, तंबाखू अजिबात नको. पान उचलणं, सरळ करणं, चिमटीत धरून गुंडाळणं, बास, एवढंच. रबरी बॉल दाबत बसण्यापेक्षा हे मला कितीतरी पटीनं पटतं.

प्रश्न: खानापूर. वडिलांना वारं जाऊन दोन वर्षं झाली, मूठ घट्ट आवळलेली, नखं तळव्यात रुततात. आता फिजिओचा उपयोग आहे का?

उत्तर: आहे. सुधारणा सुरुवातीला जास्त होते हे खरं, पण दोन वर्षांनी दार बंद होतं असं नाही. आखडलेल्या स्नायूत बोटॉक्स म्हणजे स्नायू सैल करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन देतात, असर साधारण तीन महिने टिकतो, त्या काळात बोटं ताणायचा व्यायाम आणि स्प्लिंट, म्हणजे हाताला बांधायची आधाराची पट्टी, चालू ठेवलं तर जास्त फायदा. मूठ उघडली तर धुणं, पुसणं, नखं कापणं सोपं जातं, हेही कमी नाही. मूठ उघडताना आधी मनगट खाली वाकवा, मग अंगठा बाजूला घ्या, बोटं आपोआप सैल होतात, जबरदस्तीनं एकेक बोट उचकटू नका.