छत्रीच्या पाइपाला झिणझिण्या

प्रश्न : टिनाच्या घरावर फ्री डिशची छत्री आहे. चित्र चांगलं येतं, पण ओल्या हातानं पाइप धरला की झिणझिण्या येतात. छत्रीसाठी दोन फुटांची सळई गाडून वायर जोडली, तरी फरक नाही.
– एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : आता हातानं तपासू नका. मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवा. एक टोक पाइपाला, दुसरं ओल्या जमिनीत खुपसलेल्या वेगळ्या, पाइपाला न जोडलेल्या सळईला. मग टीव्ही आणि सेट टॉप बॉक्स या दोघांच्या पिना बोर्डातून काढा. आकडा शून्यावर आला, तर वीज त्यांच्यातूनच येते. दोन पिनांच्या उपकरणात आतल्या फिल्टरमधून थोडी वीज बाहेरच्या धातूवर उतरते. ती केबलच्या आतल्या तारांच्या जाळीतून एलएनबीला (छत्रीसमोरच्या, सिग्नल पकडणाऱ्या डबीला) आणि तिथून पाइपाला पोहोचते. मीटर शंभरच्या आसपास दाखवतो, पण करंट फार थोडा असतो. जिवाला धोका शिडीवर असतो : दचकून हात सुटतो. पिना काढूनही आकडा राहिला, तर एखादी सोललेली वायर टिनाला लागली आहे. मेन स्विच बंद करा, छपराला कुणाला हात लावू देऊ नका, वायरमनला बोलवा.

दोन फुटांच्या सळईचा उपयोग नाही. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, सळईपासून सुटते. ४० मिलिमीटरचा, अडीच मीटर लांब जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप उभा गाडा. न्हाणीचं पाणी मुरतं तिथं गाडला तर उत्तम. एप्रिल-मे महिन्यांत आठवड्याला दोन बादल्या पाणी ओता.

आणि मुख्य गोष्ट : ही अर्थिंग मीटरजवळच्या घरच्या अर्थिंगला तांब्याच्या वायरनं जोडलीच पाहिजे. दोन अर्थिंग सुट्या राहिल्या, तर जवळपास वीज पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक पडतो आणि तो तुमच्या बॉक्समधून वाट काढतो. छत्रीचा पाइप ते अर्थिंग ही वायर १६ चौरस मिलिमीटर तांब्याची, घराबाहेरून, शक्य तितकी सरळ न्या. वळसे, गुंडाळ्या नकोत. केबल घरात शिरते तिथं ग्राउंडिंग ब्लॉक (केबलची जाळी अर्थिंगला जोडणारा धातूचा जोड) बसवून तोही त्याच अर्थिंगला जोडा. न्यूट्रलला अर्थिंग म्हणून कधीच जोडू नका. न्यूट्रल तुटला की अख्खी छत्री जिवंत होते. एवढं करूनही थेट पडणाऱ्या विजेपुढे बॉक्स टिकत नाही. गडगडाट सुरू होण्याआधीच पिन आणि केबल दोन्ही काढून ठेवा.

प्रश्न : आभाळ भरलं की चित्र तुटतं. छत्री बदलू का?
– एक वाचक, चिखलदरा तालुका, जि. अमरावती

उत्तर : आधी नेम बघा. फ्री डिशचा जीसॅट-१५ हा उपग्रह ९३.५ अंश पूर्वेला आहे. विदर्भातून तो आग्नेयेला, सुमारे ६० अंश उंच दिसतो. छत्री मात्र त्याहून बरीच उभी दिसते, कारण एलएनबी मधोमध नसून खालच्या बाजूला असतो. ती बघून तोंड वर करू नका. कोरड्या दिवशी बॉक्सवर सिग्नलची गुणवत्ता बघत एकेक बोल्ट केसभर हलवा. एकाच बोल्टानं टिनाला बसवलेली छत्री वाऱ्यानं फिरते. ती भिंतीला चार अँकर बोल्टांनी बसवा. कनेक्टरमध्ये पाणी गेलं असेल, आतलं तांबं हिरवं पडलं असेल, तर तेवढी केबल कापून नवा एफ कनेक्टर (केबलच्या टोकाचा आट्यांचा जोड) लावा आणि घरात शिरण्याआधी केबलला खाली झोळ ठेवा, म्हणजे पाणी तिथंच गळून जाईल. धो-धो पावसात दहा मिनिटं चित्र जाणारच. त्यासाठी छत्री बदलू नका.