१९ वर्षांचा शिपाई आणि आजोबांची बंदूक

ताई, मुलाची पोलीस शिपाई म्हणून निवड झाली, त्याचं अभिनंदन! पेढे वाटताना एका पाहुण्याने टाचणी लावली, असं तुम्ही लिहिलंय: ‘२१ पुरी झाल्याशिवाय बंदूक हातात घेता येत नाही, तुमचा पोरगा तर १९चा.’ नोकरी अडकेल का, ही तुमची पहिली शंका. दुसरी म्हणजे, आजोबांच्या नावावर शेतसंरक्षणाची सिंगल बॅरल आहे. आता पोरगा पोलीसच झाला, तर बागेतल्या माकडांवर ती त्याने चालवली तर चालेल ना?

पाहुण्यांचं निम्मं खरं आहे. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ९ मध्ये ही अट आहे. आधी १६ वर्षांची होती, १९८३ च्या दुरुस्तीत २१ झाली. पण याच कायद्यात शेवटाशेवटाला कलम ४५ आहे. लोकसेवक आपलं कर्तव्य बजावताना शस्त्र बाळगतो, तेव्हा हा कायदा त्याला लागूच होत नाही. मुलगा प्रशिक्षणाला जाणार तो नेमणुकीचा आदेश घेऊन, म्हणजे लोकसेवक म्हणूनच. एनसीसीच्या शिबिरात कॉलेजची पोरं रायफल चालवतात, तीही याच कलमाच्या आधाराने. तेव्हा नोकरीची काळजी सोडा.

मात्र ‘कर्तव्य बजावताना’ हे शब्द त्याला पाठ करायला लावा. माझा एक जुना विद्यार्थी फायरिंगच्या दिवसाचं वर्णन करतो: रायफल नंबर बघून, सही करून मिळते. काडतुसं मोजून देतात आणि रिकाम्या पुंगळ्याही मोजून परत घेतात. एकदा एक पुंगळी कमी भरली, तर अख्खी तुकडी भर उन्हात गवत चाळत बसली होती. आठवण म्हणून खिशात टाकायची सोय नाही!

सुट्टीत घरी आला की तो तुमचा १९ वर्षांचा, बिनपरवान्याचा मुलगा. आजोबांचा परवाना आजोबांपुरता. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बंदूक बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड अशी झाली आहे, आणि नवा शिपाई म्हणून त्यात कुणी सवलत देत नाही. आजोबांनी सत्तरी गाठली असेल, तर परवाना वारसाच्या नावे व्हावा म्हणून जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वारसालाही २१ची अट आहेच, म्हणून अर्ज मुलाच्या बाबांनी करावा. निवडणूक आली की ती बंदूक ठाण्यात नेऊन जमा करायची कटकटही मग त्यांच्याच गळ्यात.

नेमणुकीआधी चारित्र्य पडताळणी होते, तेव्हा एखादा गुन्हा नोंदलेला निघाला तर हातातली नोकरी लटकते. तुम्ही कौतुकाने पत्रासोबत मुलाचा फोटो पाठवलात, छानच आहे पोरगा. पण त्याच्या खांद्यावर तीच सिंगल बॅरल आहे, ताई. हा फोटो त्याच्या स्टेटसवर असेल, तर आजच काढायला सांगा.