नेदरलँड्समध्ये व्यक्तिमत्त्व विकारांवर पीएच.डी.: पुण्यातून निघण्याआधी

पुण्यात क्लिनिकल सायकॉलॉजीत एम.ए. झालंय, व्यक्तिमत्त्व विकारांवर पीएच.डी. करायला नेदरलँड्सला यायचंय, पण प्राध्यापक मेलला उत्तरच देत नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. मार्कांचा इथे फारसा संबंध नाही. इथली पीएच.डी. ही बहुधा नोकरी असते: साधारण चार वर्षांचा करार, दरमहा पगार, वर ८ टक्के सुट्टीभत्ता. आधी प्रकल्पाला पैसे मंजूर होतात, मग जागेची जाहिरात निघते. त्यामुळे ‘माझे गाईड व्हाल का’ असं विचारलं तर त्यांच्या हातात देण्यासारखं काही नसतं. अ‍ॅकॅडेमिकट्रान्सफर या विद्यापीठांतल्या नोकऱ्यांच्या संकेतस्थळावरच्या जाहिराती नियमित बघा आणि अर्ज त्या जागेपुरता नव्याने लिहा.

जाहिरातीत भाषेची अट आधी वाचा. रुग्णांच्या मुलाखती घ्यायच्या असतील तर चांगली डच लागते, आणि ते रास्तच आहे. ‘आतून रिकामं वाटतं’ असं कुणी म्हणालं तर पुढचा प्रश्न कसा विचारायचा, हे मोडक्यातोडक्या भाषेत जमत नाही. म्हणून जमा झालेल्या डेटाचं विश्लेषण किंवा मोजमापाची साधनं यांवरचे प्रकल्प निवडा. आरसीआयचं, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचं, रजिस्ट्रेशन असेल तर अनुभव म्हणून जरूर लिहा, पण त्यावर इथे प्रॅक्टिस करता येत नाही. त्यासाठी वेगळी बिग नोंदणी, म्हणजे आरोग्य व्यावसायिकांच्या डच सरकारी नोंदवहीतली नोंद, लागते.

आता विषय, कारण अर्जाचा जीव इथे आहे. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकाराच्या निदानाला ९ निकषांपैकी कोणतेही ५ पुरतात. म्हणजे एकच निदान २५६ प्रकारे होऊ शकतं आणि ते मिळालेल्या दोघांत जेमतेम एक निकष सामाईक असू शकतो. २०१३च्या डीएसएम-५ या अमेरिकी निदान-पुस्तिकेने जुने दहा व्यक्तिमत्त्व विकार ठेवले, पण तिसऱ्या विभागात पर्यायी मॉडेलही दिलं. २०२२पासून लागू झालेल्या आयसीडी-११ या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाने ते प्रकारच काढले: आधी तीव्रता ठरवायची, सौम्य, मध्यम की गंभीर; मग हवं तर पाच गुणक्षेत्रांपैकी लागू पडतील ती नोंदवायची. बॉर्डरलाइन तेवढा जोडनोंद म्हणून उरला. अर्जात नुसतं ‘दहा विकारांचा अभ्यास’ लिहिलंत तर वाचणाऱ्याला तुम्ही मागेच थांबलेले दिसता.

एम.ए.च्या प्रबंधात कॉलेजच्या मुलांकडून प्रश्नावली भरून घेऊन नुसते सहसंबंध काढले असतील, तर तोच डेटा पुन्हा उघडा. पीआयडी-५ या व्यक्तिमत्त्वगुणांच्या प्रश्नावलीची २२० विधानं मराठीत वापरली असतील तर मूळ घटकरचना, म्हणजे कोणती विधानं एकत्र जातात ती मांडणी, मराठीत टिकते का, हे आर या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमधल्या लवान पॅकेजने तपासा. नाही टिकली तरी लिहा. कुठली विधानं का निसटली हे सांगता येणं हीच खरी तयारी. कोड ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन खुलं ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवून अर्जात दुवा द्या. माझ्या मते शिफारसपत्रापेक्षा याचं वजन जास्त.

व्हिसाचा अर्ज विद्यापीठच करतं. तुमच्याकडचं अडतं ते जन्मदाखल्यावर. जुन्या दाखल्यात बाळाचं नावच नसतं. तसं असेल तर आधी महापालिकेत नाव चढवून घ्या, मग राज्य शासनाचा शिक्का आणि परराष्ट्र मंत्रालयाची अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं प्रमाणीकरण. खोली घेताना त्या पत्त्यावर नगरपालिकेत नोंदणी करता येईल का, हे घरमालकाकडून लेखी घ्या. नोंदणीशिवाय बीएसएन, म्हणजे डच नागरिक सेवा क्रमांक, मिळायला अडचण होते आणि तो नसेल तर पगारातून ५२ टक्के कर कापला जाऊ शकतो.