कुंडीत दाटलेली रोपं: कोणती हलवायची, कोणती कापायची

ताई, मिरची, वांगी, मुळा आणि तांबडी भाजी (लाल माठ) अशा चार कुंड्यांत तुम्ही मूठ-मूठ बी फेकलंत, सगळं उगवलं, आणि आता एकही रोप उपटायला जीव होत नाही, असं लिहिलंय. तरीही या आठवड्यात हात घालाच. दाटीत रोपं उजेडासाठी नुसती वर पळतात, देठ लांबट आणि फिकट राहतो. त्याहून मोठा धोका रोपमरीचा. गोव्याच्या दमट हवेत मातीलगत देठ पाणचट होतो, तिथंच बारीक पडतो आणि वरचं हिरवंगार रोप आडवं होतं. एकाला लागलं की शेजारची भराभर जातात. रोपांमधून वारा खेळला पाहिजे. तो नसेल तर कुठलीही फवारणी फारशी कामाला येत नाही.

मुळा अजिबात हलवू नका. त्याचं सोटमूळच आपण खातो आणि ते दुखावलं की मुळ्याला फाटे फुटतात. चार बोटांवर एकेक धट्टंकट्टं रोप ठेवा, बाकीची कात्रीनं मातीलगत कापा. उपटलीत तर राहणाऱ्या रोपाची मुळंही हलतात. गाजरालाही हेच लागू. भेंडी, काकडी, दोडका यांनाही मुळं हललेली सोसत नाहीत, म्हणून पुढच्या वेळी त्यांचं बी थेट मोठ्या कुंडीतच टोचा.

मिरची आणि वांगी मात्र हलवण्यासाठीच असतात. पहिली दोन गुळगुळीत पानं बियातली, ती मोजायची नाहीत. त्यानंतरची दोन-तीन खरी पानं आली की रोपं सुटी करा. तासभर आधी पाणी द्या. एकेक रोप ओढू नका, चमच्यानं मातीसकट सगळा गड्डाच उचला. मुळं गुंतली असतील तर गड्डा पाण्यात ठेवा, माती विरघळते आणि मुळं आपोआप सुटतात. रोप धरायचं ते पानाला, देठाला कधीच नाही. पान फाटलं तर नवं येतं, देठ चिरडला तर रोप गेलं. पेन्सिलीनं खड्डा करून मूळ सरळ खाली सोडा. वर दुमडलेलं मूळ रोपाला बरेच दिवस मागे ठेवतं. पूर्वी होतं तेवढंच खोल लावा. टोमॅटो असता तर देठ अर्धा पुरायला सांगितलं असतं, कारण त्याला देठातूनही मुळं फुटतात.

आधी तळाला भोक पाडलेले छोटे कप किंवा पिशव्या वापरा. वांगं चार-पाच आठवड्यांचं आणि मिरची पाच-सहा आठवड्यांची झाली की मोठ्या कुंडीत. बारा इंची कुंडीत एकच रोप. दोन लावायचा मोह होतो, पण पुढे दोन्ही उपाशी राहतात. आपली तांबडी माती नुसती भरली तर कुंडीत घट्ट बसते. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड रेती किंवा कोकोपीट मिसळा. काणकोणातल्या खोला गावची मिरची भर पावसात होते, पण ती डोंगरउतारावर, जिथं पाणी मुळाशी थांबत नाही. कुंडीतही मिरचीला तेच हवं, म्हणून तळाचं भोक मोकळं आहे ना ते बघून घ्या.

हे सगळं संध्याकाळी करा. ऑक्टोबरचं ऊन फार कडक असतं, तेव्हा तीन-चार दिवस माडाच्या चुडताची सावली धरा. पहिल्या दिवशी पानं मान टाकतात, त्याला घाबरून पाण्यावर पाणी ओतू नका. आठ-दहा दिवस खतही नको. प्रत्येक जातीची दोन-तीन रोपं जादा राखा, एखादं दगावतंच. उरलेली शेजारी द्या.

तांबड्या भाजीची तर चिंताच नको. दाट जागची कोवळी रोपं मुळासकट उपटा, माती धुऊन मुळं छाटा आणि कांदा, हिरवी मिरची, ओलं खोबरं घालून त्याच दिवशी परता. राहिलेल्यांना जागा मिळाली की आठवड्याभरात दुसरा हात मारता येईल.