आठजण, एक चूल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही आठ मित्रमैत्रिणी पेडण्यात जुनं घर भाड्याने घेऊन एकत्र राहणार आहोत. खर्च आणि कामं कशी वाटावीत? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर : दोन वह्या घाला. भाडं, वीज, पंपाची दुरुस्ती आठांत सारखी. जेवण मात्र ताटांवर. स्वयंपाकघराच्या दारावर महिन्याचा तक्ता टांगा. उद्या जेवणाऱ्याने आदल्या रात्री खूण करायची, पाहुण्याचं ताट ज्याने बोलावलं त्याच्या नावावर. किराणा, मासळी, गॅस मिळून ३६,००० रुपये झाले आणि ताटं ४०० भरली, तर ताटाला ९० रुपये. सरसकट सारखी वाटणी केली की महिन्यातले पंधरा दिवस बाहेर असणारा कुरकुरतो, आणि त्याचं काही चुकत नाही.

कामं तासांत मोजा. आठवड्याचा स्वयंपाक २८ तास, भांडी १०, विहीर-पंप-परसबाग ८, झाडलोट आणि संडास ६, बाजार ४, हिशेब २. एकूण ५८, म्हणजे माणशी सव्वासात. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात १९६७ साली सुरू झालेली ट्विन ओक्स ही वसाहत तासांच्याच हिशेबावर चालत आली आहे. तिथे सुरुवातीला नावडत्या कामाला जास्त मोल देत. पुढे ते सोडून कुठल्याही कामाचा तास सारखाच धरला. तुम्हीही तेच करा. ‘ज्याला जमेल त्याने करावं’ म्हटलंत, की थोड्याच दिवसांत चुलीपुढे बायका आणि पंपाशी पुरुष दिसू लागतील. संडासाची पाळी सर्वांना, कुणालाही सूट नाही. यावर आमचा फार भर आहे.

घर सोडण्याचे नियम आत पाऊल टाकण्याआधी लिहून काढा : कुणाची किती अनामत, सोडताना दोन महिने आधी सूचना, पैसे तीन महिन्यांत परत. करार एका वर्षाहून अधिक मुदतीचा असेल तर त्याची नोंदणी करावीच लागते. त्यात आठही नावं घाला. एकाच्याच नावावर केलात तर उरलेल्या सातांचं राहणं त्याच्या मर्जीवर.

पाहुण्याला तीन रात्री, पुढे सर्वांना विचारून. अमेरिकेतल्याच कोलोरॅडोतल्या ड्रॉप सिटी या वसाहतीने (१९६५) दार सर्वांना उघडं ठेवलं. तिथल्या १९६७च्या उत्सवानंतर गर्दी आवरेना, मूळची माणसं निघून गेली आणि काही वर्षांत जागा ओस पडली.

प्रश्न : गोव्यात सामुदायिक जीवन हिप्पींनी आणलं, हे खरं का? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : नाही. गावकरी, म्हणजे गावची जमीन सामाईक ठेवून चालवण्याची गोव्यातली पद्धत, त्याहून कितीतरी जुनी. तिच्या रूढी १५२६च्या फोरालमध्ये, म्हणजे पोर्तुगीज सनदेत, नोंदल्या आहेत. जमीन गावाची, कसायला ती लिलावाने दिली जाई; उत्पन्नातून गावाचा खर्च भागवून उरलेलं गांवकारांत, म्हणजे गावकरीच्या वंशपरंपरागत सभासदांत, वाटलं जाई. पण ते जमिनीपुरतं. चूल ज्याची त्याची, आणि गांवकारपण बापाकडून मुलाकडे. बाहेरच्याला त्यात शिरकाव नव्हता.

प्रश्न : आमच्या सामाईक घरात विहीर आणि शोषखड्डा यांत दहाच मीटर अंतर आहे. पावसाळ्यात पाणी प्यावं का? (एक वाचक, मांद्रे)

उत्तर : उकळल्याशिवाय मुळीच नको. किमान १५ मीटर अंतर हवं, आणि जांभ्याला भोकं-भेगा असतात म्हणून ३० असलेलं बरं. पावसात भूजल वर चढतं आणि खड्ड्यातलं पाणी मातीत गाळलं न जाता थेट विहिरीत येतं. एका कुटुंबासाठी खोदलेला खड्डा आठजण वापरू लागले की हे आणखी लवकर घडतं. खड्डा उताराच्या खालच्या अंगाला हलवा.

तोवर ब्लीचिंग पावडर, १,००० लिटरला अडीच ग्रॅम. व्यास ३ मीटर आणि पाणी ४ मीटर खोल असेल तर सुमारे २८,००० लिटर, म्हणजे ७० ग्रॅम. बादलीत थोड्या पाण्यात कालवा, मग पाणी वाढवून दहा मिनिटं निवळू द्या. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत घेऊन ती दोरीने विहिरीत सोडा, पाण्याखाली गेल्यावर वरखाली हलवा. तासभर पंप लावू नका. तळाचा चुना विहिरीत टाकू नका, त्याने पाणी जड होतं. पावडरचा डबा उघडा राहिला तर तिचा जोर जातो; वास गेलेली पावडर फेकून द्या.