बाबा दुपारी घरी होते

चि. कवीस,
अनेक आशीर्वाद.

मुलांसाठी लिहिलेल्या तुझ्या बालपणाच्या कवितांची वही मिळाली. एकवीसही कविता दोन बैठकांत वाचल्या, आता पेन्सिल घेऊन बसलोय.

आधी सातवी. 'बेकारीच्या वणव्यात होरपळलं घर' ही ओळ आजच्या तुझी आहे, नऊ वर्षांच्या तुझी नाही. तेव्हा तुला काय दिसलं, ते तूच फोनवर सांगितलं होतंस. शाळेतून आलास तर बाबा भरदुपारी घरी, आणि चक्क तुझ्याशी कॅरम खेळायला बसले. तुला आनंद झाला होता! तो आनंदच लिही. आई बराच वेळ स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही, एवढी एकच ओळ शेवटी ठेव. दहा-बारा वर्षांची मुलं बरोबर ओळखतात. समजावून सांगायला लागलं की मात्र पुस्तक मिटतात.

आपलं आयुष्य असं कवितांतून सांगायचा प्रकार आपल्याकडे जुनाच. १७व्या शतकात संत बहिणाबाईंनी आपलं आयुष्य अभंगांतून सांगितलं. त्यात नवऱ्याचा मार आहे, अध्यात्म आहे. पण माझ्या डोळ्यांसमोर राहतं ते लहानग्या बहिणाबाईच्या मागेमागे कीर्तनाला जाणारं वासरू. तुझ्या वहीतलं वासरू कोणतं, ते शोध.

अलीकडे जॅकलीन वूडसन या अमेरिकन लेखिकेनं मुलांसाठी आपलं बालपण मुक्तछंदात मांडलं. २०१४ साली त्या पुस्तकाला तिथलं नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं. मोठ्या कवितांच्या अधेमधे तिनं हायकू पेरलेत, तिथे वाचणाऱ्याला जरा दम खाता येतो. तुझी मात्र प्रत्येक कविता दोन पानी! चार-पाच तरी चार ओळींवर आण. मधली वर्षं भरून काढायची गरज नाही. गद्यात 'त्यानंतर दोन वर्षांनी' म्हणावं लागतं, इथे पान उलटलं की झालं.

यमकाबद्दल फार बोलत नाही. पण आजी आली की दर वेळी भाजीच का येते?

भावावरची कविता चांगली आहे, म्हणूनच विचारतो: त्याला दाखवलीस का? अंथरूण ओलं व्हायचं ही गोष्ट त्याची आहे. छापण्याआधी वाचून दाखव. नको म्हणाला तर ती वहीतच राहू दे, मग मी कितीही वाखाणलेली असो.

सातवी पुन्हा लिहिलीस की लगेच पाठव. त्या दुपारी राणी कोणी घेतली, आठवत असेल तर तेही लिही.

तुझा,
काका